विहिरीच्या तोंडाशी

४ मार्च

दादा,

आई गेली. फोन शेजारच्या दुकानदाराने केला, तू त्याला "निघतोच" म्हणालास, आणि आला काही नाहीस. बाबांच्या वेळीही असंच. तेव्हा तुझ्या दवाखान्यात साथीचे पेशंट होते. या वेळी काय होतं ते मी विचारत नाही. तू काहीतरी सांगशील आणि मला ते खरं मानून घ्यावं लागेल, त्यापेक्षा नकोच.

कळवायचं ते इतकंच की सगळं नीट उरकलं. माणसं खूप जमली. वस्तीतली जवळजवळ प्रत्येक विहीर या दोघांनी खणलेली, त्यामुळे ज्याच्या घरी पाणी तो आला. वस्तीचा अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे उभा राहून हुंदके देत होता. आईने जन्मात कधी त्याला बस म्हटलं नव्हतं, हे तो बहुतेक विसरला असावा. मी रडले नाही. कोणीतरी तुझ्या कानावर घालेलच, म्हणून आधीच सांगून टाकते.

घर आवरायला काढलंय. बाबांची पहार दारामागे आहे. विहिरीचा दोर खुंटीवर आहे. बाबांच्या खाटेपासून स्वैपाकघरापर्यंत एक सुतळी बांधलेली आहे, ती अजून सोडली नाही. ती कशाची ते तुला माहीत असायचं कारण नाही. औषधांची पार्सलं पाठवणाऱ्याला घरात सुतळी कुठून कुठे गेलीय ते कसं कळणार?

तुझी खोली तशीच आहे. मुद्दाम ठेवलेली नाही, उगीच मनात मांडे खाऊ नकोस. तिकडे फिरकायला सवड झाली नाही, एवढंच.

खार


१९ मार्च

दादा,

काल अध्यक्ष आणि शाळेचे मास्तर घरी आले. कधी नव्हे ते चपला बाहेर ओळीने काढून आत आले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागायला आलेत. आपल्या अंगणातल्या विहिरीपाशी एक दगड बसवायचा म्हणे. वस्ती वसवणाऱ्या पहिल्या जोडप्याची आठवण. पाथरवटाला काम देऊनही झालंय. मास्तरांनी मजकूर वाचून दाखवला. तुझ्याकडे तो आहेच, तरी परत लिहिते. माझ्या अक्षरात तो कसा दिसतो ते बघ:

"या उजाड माळावर पहिलं पाऊल ठेवणारं जोडपं. पाणी लागल्याशिवाय वर येणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो खाली उतरला. तो वर येईपर्यंत, अन्नपाण्यावाचून, दिवसभर दोर हाती धरून ती वर उभी राहिली."

अध्यक्षाने रुमाल काढला. "डोळ्यांत पाणी येतं की नाही ताई?"

मी म्हटलं, "विहिरीत आलं तेवढं पुरे आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी मजकूर पसंत केलाय बरं का. अनावरणाला स्वतः येणार आहेत."

आईबापांच्या मरणाला ज्याला सवड झाली नाही, त्याला दगडावरचं कापड ओढायला सवड झाली! मी चहा ठेवला होता, तो तसाच चुलीवर उतू जाऊ दिला. अंगण माझं, आईबाप माझेही, आणि मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पाणी लागलं त्या दिवशी तू बैलगाडीत होतास. मागे विहिरीपाशी काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. बाबा बोलणाऱ्यातले नव्हते, आईने विषय काढू दिला नाही, आणि मला तू कधी विचारलं नाहीस. तर घे, आता वाच.

माळावर तेव्हा आपलं एकच घर. ओढा आटत आलेला. सकाळी उठल्याउठल्या दोघांची जुंपली. आई म्हणाली, "आज निघायचं. माणसांत जायचं. पोरं मरतील इथे." बाबा म्हणाले, "खडक आवाज देतोय. आजचा दिवस बघू." "रोज मेलं आजचा दिवस!" असं आई ओरडली आणि बाबा खाली उतरले. दोराची भाषा तुला आठवत असेल. खालून एक हिसका म्हणजे घमेलं ओढ, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मला वर काढ. वरून एक हिसका म्हणजे ऐकलं. आईने पहिलं घमेलं वर घेतलं, मुरूम ओतला, आणि दोर परत खाली सोडलाच नाही. रहाटावरून काढला, वेटोळं करून गाडीत टाकला. मग तुला गाडीत चढवलं. मीही चढत होते, तर माझा दंड धरून मला उतरवलं आणि विहिरीच्या तोंडाशी नेऊन बसवलं. म्हणाली, "खाली माणूस असताना तोंडाशी कोणीतरी असावं लागतं. तू बस."

नियमाची केवढी पक्की बघ! नवऱ्याला विहिरीत सोडून चालली होती, पण कामाचा नियम मोडला नाही. त्या नियमात मला बसवलं आणि गेली.

बाबांना बराच वेळ कळलं नाही. मग हाक आली, "दोर कुठाय गं?" मी म्हटलं, "आईने नेला."  मग ते पहार उचलून खडकावर असे काही तुटून पडले की मला वर बसल्या जागी हादरे जाणवत होते. प्रतिज्ञा कसली डोंबलाची! बायकोवरचा राग होता तो. त्या रागात खडक फुटला. "पाणी लागलं, पाणी लागलं!" ते लहान मुलासारखे ओरडले. आणि मग पाणी चढायला लागलं तसा तो आवाज बदलत गेला. "आईला बोलाव." मी विहिरीत वाकून सांगत होते, "येतेय. वळणावर दिसतेय. आलीच." वळणावर कुत्रं नव्हतं. रहाटाचा दांडा माझ्या डोक्याच्याही वर, आणि दोर तर नव्हताच. ते छातीएवढ्या पाण्यात उभे राहून माझं खोटं ऐकत होते.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. आईने खाली उडी मारून दोर सोडला. तीन हिसके आले. तिने रहाट फिरवला. बाबा कठड्यावर आले, हात सोलून निघालेले, ओठ निळे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस तिला मारणार. मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर विषय तिथेच मिटला असता. ते काही न बोलता घरात गेले आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर मरेपर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी परत खाली उतरले! दोर आईच्याच हातात. पुढे माळावर घरं झाली, ज्याने त्याने विहीर मागितली, हे दोघं खणत गेले. मदतीला धट्टीकट्टी माणसं मिळत होती, पण बाबा दुसऱ्या कोणाच्या हाती दोर देईनात. लोक बघत राहायचे. ना हाक, ना बोलणं, नुसते हिसके. "काय एकमत आहे हो!" म्हणायचे. बायका आपल्या नवऱ्यांना यांचं उदाहरण द्यायच्या.

घरात मात्र दोर नव्हता ना! घरात मी होते. "खार, तुझ्या आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." "खार, तुझ्या वडलांना सांग, चाटून बघायला जीभ आहे तर वाढून घ्यायला हातही आहेत." तिघं एकाच पंगतीला जेवायला बसलेलो असायचो. तू होतास तोवर निम्मे निरोप तुझ्या वाट्याला होते. तू शिकायला म्हणून जो गेलास तो गेलासच, आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. मला एक स्थळ आलं होतं, आठवतं? सुतार होता, हसरा होता. मी नाही म्हटलं. लोकांनी नाकं मुरडली, हिला राजपुत्र हवाय म्हणाले. मी गेले असते तर मीठ कमी आहे हे कोणी कोणाला सांगितलं असतं?

तो दगड माझ्या अंगणात बसणार नाही. अध्यक्षाला तू सांग, नाहीतर मी सांगेन.

खार


२ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. "जुनं उकरून काय मिळणार आहे? दगड बसू दे." औषधाच्या चिठ्ठीवर तू याहून जास्त लिहीत असशील.

बरं, उकरत नाही. अलीकडचंच सांगते.

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांचा आवाजही गेला. मग एक दिवस त्यांनी खुणेने सुतळी मागितली. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दुसरं स्वैपाकघराच्या खिडकीच्या गजाला, आणि तिथे एक पितळी पेला लटकवलेला. आईला सांगावं लागलं नाही. एक हिसका म्हणजे पाणी. दोन म्हणजे नको. मला त्या दोघांत पहिल्यांदाच काही काम उरलं नाही, आणि खरं सांगते, मला त्या सुतळीचा हेवा वाटला.

बाबा गेले त्या सकाळी आई भाजी चिरत होती. पेला तीनदा वाजला. विळी तशीच टाकून ती उठली. मी मागोमाग गेले. तिने बाबांच्या काखेत हात घातले आणि विहिरीतून माणूस कठड्यावर घेतात तसं त्यांना ओढून उठवून बसवलं. त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं आणि ते गेले. मला कळायच्या आधी तिला कळलं. ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "आलात वर?"

एवढं एकच. इतक्या वर्षांनी, आणि तेही ते ऐकायला नसताना.

त्यानंतर ती नीट जेवली नाही. मी रोज तिचे पाय चेपत बसायची. एकदा ती जरा ताजीतवानी होती, तेव्हा मी धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तू का परत आलीस?" आयुष्यभर मला एवढंच विचारायचं होतं. गेलीस का, ते मला समजतं. मीही गेले असते. परत का आलीस? बाबांसाठी? की मला तिथे बसवून गेली होतीस म्हणून?

तिने पाय ओढून घेतला. "दादाला विचार," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे चार दिवस फक्त औषध नको, दूध नको, एवढंच बोलली. मग तेही नाही.

म्हणून तुला विचारते. गाडीत तुम्ही दोघंच होतात. ती कुठे थांबली, काय म्हणाली, कोणाचं नाव घेतलं, ते सांग. पत्रात नको. तू पत्रात दोन ओळींत गुंडाळशील. इथे ये, माझ्यासमोर बस आणि सांग. मग खुशाल दगड बसू दे, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही सांगितलंस, तर अनावरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहीन आणि प्रतिज्ञेची लक्तरं वेशीवर टांगीन. मग तुझ्या गळ्यातला हार गळ्यातच राहील.

खार


११ एप्रिल

दादा,

येतोस म्हणे. अध्यक्षाकडून कळलं, मला कळवायची तुझी रीत नाहीच.

तुझी गादी उन्हात टाकलीय. ढेकूण झाले असते म्हणून, तुझ्यासाठी नव्हे. मुक्काम करायचा नसेल तर आधी सांग, उगाच जास्तीचा स्वैपाक होतो. पाथरवट दगड घेऊन आला होता. अक्षरं छान खोदलीत मेल्याने. "प्रतिज्ञा" तर इतकी खोल खोदलीय की पावसाने सुद्धा जायची नाही.

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "गोड आहे हो तुमच्या विहिरीचं पाणी." मी म्हटलं, "हो ना."

खार


२७ एप्रिल

दादा,

तू काल गेलास. एका रात्रीचाही मुक्काम केला नाहीस. गादी मी परत गुंडाळून ठेवली.

भाषण छान केलंस. बायकांनी डोळे पुसले. अध्यक्ष तुझा हात सोडेचना. सगळे गेल्यावर सांगतो म्हणालास, म्हणून मी कबूल केल्याप्रमाणे गप्प बसले. सगळे पांगल्यावर तू कठड्यावर येऊन बसलास आणि मी चहा आणला. पुढे तू बोललास ते मी कालपासून मनात घोकतेय. बरोबर ऐकलं ना, ते बघायला एकदा लिहून काढते. कुठे चुकलं असेल तर सांग.

तू म्हणालास, "आई परत आली नाही, खार."

मी म्हटलं, "म्हणजे? मी डोळ्यांनी बघितलंय."

"मी आलो. दुपारपर्यंत ओढ्याकाठी बैल चारत थांबलो होतो; ओढा ओलांडला तेव्हा मला कळलं की आपण खरंच चाललोय. तोवर मला वाटत होतं, ती बाबांना घाबरवतेय. मी विचारलं, खार? ती म्हणाली, खार तोंडाशी आहे. मी गाडीतून उडी टाकली आणि पळत सुटलो. तिने हाका मारल्या. मग शिव्या दिल्या. मी थांबलो नाही. मग तिने गाडी वळवली आणि माझ्या मागे आली."

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी. मला गाठलं, उचलून गाडीत टाकलं. तोवर घर दिसायला लागलं होतं आणि बाबांचा आवाज ऐकू येत होता. मग ती परत वळवू शकली नाही."

मी म्हटलं, "मग हे तू मला कधी सांगितलं का नाहीस? मी इथे एवढी वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडतेय."

तू कप कठड्यावर ठेवलास. "मी शिकायला निघालो ना, त्या दिवशी ती दारात उभी होती. मला वाटलं, जवळ घेईल. ती म्हणाली, 'आता निघालास? तेव्हाच गाडीत गप्प बसला असतास, तर आज आपण सगळे माणसांत असतो.' मी त्यानंतर तिच्यासमोर उभा राहू शकलो नाही, खार. ना जिवंतपणी, ना नंतर."

"आणि तो दगड? ती खोटी अक्षरं?"

"कुठेतरी त्यांच्याबद्दल काहीतरी बरं लिहिलेलं असू दे," असं म्हणालास आणि उठलास.

दादा, "आपण सगळे" म्हणाली ना ती? त्या सगळ्यांत मी नव्हते. तुझ्या लक्षात आलं नाही, मला ऐकल्याऐकल्या आलं. गाडीत जागा होती, बैल ताजे होते, माझं वजन ते किती? ती तुला घेऊन माणसांत चालली होती आणि मला तिने कामावर ठेवलं होतं.

मला आजवर वाटत होतं की आम्हा चौघांत एक माणूस माझ्यासाठी परत आलं. तेवढ्या एका समजुतीवर मी तिचं सगळं केलं. निरोप नेले, आणले. सुताराला नाही म्हटलं. पाय चेपले. आणि ते माणूस भलतंच निघालं! ते माणूस दूर शहरात लोकांच्या नाड्या बघत बसलं होतं, आणि त्याला मी वर्षानुवर्षं पत्रातून टोमणे मारत होते. माझं हसू थांबेना काल. शेजारीण विचारायला आली, बरं वाटत नाही का म्हणून.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. एवढ्याशा पोराने अनवाणी पळत येऊन मला सोडवलं, आणि मोठा होऊन मला इथेच टाकून गेला, हे कुठल्या हिशेबात बसवू? काल गाडीत बसलास, काच खाली केलीस आणि म्हणालास काय, तर "काळजी घे." इतक्या वर्षांनी तुला हेच सुचलं? मी हात हलवला नाही ते मुद्दाम.

सुतळी काल सोडली. पेला घासून फडताळात ठेवला. दोर खुंटीवरून उतरवला, वेटोळं केलं, उंबऱ्याशी ठेवलंय. पहार पाथरवटाला देऊन टाकली. सकाळी दोन बायका दगडाजवळ उभ्या राहून वाचत होत्या, एक दुसरीला म्हणाली, असं प्रेम आता कुठे बघायला मिळतं! मी आतून ऐकलं आणि भांडी घासत राहिले.

मग विहिरीशी जाऊन बसले. किती वेळ बसले कोण जाणे. मग मनात आलं, खाली कोण आहे? बाबा गेले. आई गेली. खाली कोणी नाही. मग मी तोंडाशी कशाला बसलेय?

तुझ्या घरी एक खोली रिकामी असते, असं तू अध्यक्षाशी बोलताना मी ऐकलं. मला म्हणाला नाहीस. मीही मागणार नाही, मला मागता येत नाही. या घरात ते कोणी शिकवलं नाही. जे शिकवलं तेवढंच करते.

तीन हिसके देतेय, दादा. ऐकू आले तर एक दे.

खार